कुलूप पुढच्या दाराला

कुलूप खरं होतं, अडचण तीच होती.

मालकाने दाव्यासोबत सात फोटो जोडले होते, सात वेगवेगळ्या दिवसांचे, आणि सातही फोटोंत मावशींच्या खोलीच्या निळ्या दाराला तेच पितळी कुलूप लोंबत होतं. भाडेकरूने सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालक ती परत मागू शकतो, असं कायदा सांगतो. मालकाचं म्हणणं एवढंच होतं की बाई लेकीकडे राहायला गेली आहे आणि खोली नुसती अडवून ठेवली आहे. त्याला राहुरीतली ती सहा खोल्यांची रांग पाडून रस्त्याच्या बाजूला गाळे बांधायचे होते. बाकी पाच भाडेकरूंशी त्याचं जमलं होतं. मावशी तेवढ्या राहिल्या होत्या.

मावशी म्हणजे माझ्या कुणी नव्हेत. आमच्या ऑफिसात साठीच्या पुढची कुठलीही अशील बाई मावशीच असते. या मावशी तीस वर्षं त्या खोलीत राहत होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी तिथेच ब्लाऊज शिवून लेकीचं लग्न केलं होतं. खोली गेली तर लेकीकडे, म्हणजे जावयाच्या घरात, राहावं लागणार होतं. जावई कसा आहे असं आमच्या वकील सरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लई चांगला हाय. दोन दिवस."

मी सरांकडे ज्युनिअर म्हणून लागून तेव्हा आठ महिने झाले होते. रोज सकाळी नगरहून एसटीने राहुरीला यायचं, संध्याकाळी परत. सरांकडे सगळ्या प्रकारची कामं येतात. उसाच्या ट्रॉलीने उडवलेले मोटारसायकलवाले, बांधावरच्या मारामारीतले आरोपी, घरमालकाने नळ तोडलेले भाडेकरू. नगरच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला पहिला महिनाभर 'सदरहू' हे कुणाचं तरी आडनाव वाटायचं. एवढ्या वेगवेगळ्या केसेसमध्ये हे एकच कुटुंब कसं काय अडकतं, असा प्रश्न पडायचा, पण विचारलं नाही. मी सहसा काही विचारत नाही. ऑफिसात कुणी आलं की मी फाइलमध्ये मान घालते. एका अशिलाने सरांना विचारलं होतं, या मॅडमना ऐकू येतं का?

ऐकू सगळं येतं. अपघातातला एक माणूस तारखेला जाताना सरांना हळूच म्हणाला, "साहेब, कोर्टात लंगडत येऊ का?" सर म्हणाले, "डॉक्टरांचा दाखला आहे ना? तो लंगडतोय तेवढा पुरे. तुम्ही नीट चाला." हे मी मान वर न करता ऐकलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं. त्या वर्षी आईशी मी जे काही बोलले त्यातलं बहुतेक असंच मिळवलेलं होतं.

तर सरांनी मावशींना विचारलं, "तुम्ही तिथंच राहता ना?"

"व्हय."

"मग हे कुलूप?"

"ते असतंय."

"असतंय म्हणजे?"

"दाराला कुलूप असतंयच की, साहेब. नसतंय व्हय तुमच्या?"

सरांनी पुरावा विचारायला सुरुवात केली. विजेचा मीटर सहा खोल्यांना मिळून एक, तो मालकाच्या नावावर. रेशनकार्ड अजून सासरच्या गावचं. गॅस? "छोटी टाकी हाय. बाजारातनं भरून आनते." सर घाईघाईने म्हणाले, "हे कोर्टात बोलायचं नाही." शेजारी सगळे नव्या गाळ्यांच्या आशेवर. मागच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही गाळा कबूल झाला होता. त्याला मी नंतर भेटले, तर तो म्हणाला, "मला काय दिसत न्हाई हो मॅडम. डोळ्यात पीठ जातंय."

मावशी गेल्यावर सर मला म्हणाले, "बाई राहते तिथंच, पण काहीतरी लपवते. तू जाऊन ये. तुला लपणारी माणसं कळतात."

याचा मी राग मानला नाही, कारण ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. निळं दार, पितळी कुलूप. मी कडी वाजवली. मग मावशींना फोन लावला. फोन आत वाजला. दीड रिंग झाली आणि थांबली.

घरात कुणी नसल्याची शांतता वेगळी आणि कुणी नसल्याचं सोंग घेतलेली शांतता वेगळी. दुसऱ्या प्रकारात मी तज्ज्ञ आहे. आमच्याकडे बाबांच्या ऑफिसातली मंडळी आली की मी माझ्या खोलीतला पंखा बंद करून कपाटाच्या दाराआड उभी राहायचे. आई बाहेर सांगायची, ती क्लासला गेली आहे. एकदा मंडळी तीन तास बसली आणि माझा क्लास तीन तास चालला. त्यामुळे दाराच्या फटीपलीकडे श्वास धरून उभं असलेलं माणूस मला लगेच ओळखू आलं. मी फटीशी तोंड नेऊन म्हटलं, "मावशी, मी एकटीच आहे. सरांची ज्युनिअर."

मग आतून आवाज आला, "मागनं ये. गिरनीच्या बोळातनं. कुनी बघत न्हाई ना, बघ."

बोळ जेमतेम एका माणसापुरता होता. शेवटी पाण्याचा निळा ड्रम, त्याच्या मागे दुसरं दार. ते उघडं होतं. आत शिलाई मशीन, कमी आवाजात लावलेला रेडिओ, शेगडीवर चहा. पुढच्या खिडकीला परकराचं कापड आतून खिळ्यांनी ठोकलं होतं. मावशींनी मला पाटावर बसवलं आणि कप पुढे केला.

"मावशी, पुढचं कुलूप कोण लावतं?"

"मीच."

"का?"

त्यांनी एकच शब्द उच्चारला. "शिर्डी."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्या अगदी बालवाडीच्या बाईंसारख्या मला समजावून सांगू लागल्या. त्यांचं सासर कर्जत तालुक्यातलं. तिकडून शिर्डीला जायचं तर नगर ओलांडून राहुरीवरून जावं लागतं. त्यांची खोली रस्त्यापासून पन्नास पावलांवर. सासरचं गोत मोठं आणि भाविक. गुरुवार आला की जीप निघते. "जाताना चहा, येताना जेवन. बाबांचं दर्शन दोन मिन्टं, आन् माझ्याकडं मुक्काम. एका जीपमधनं अकरा मान्सं उतरत्यात, पोरी. मी मोजल्यात."

आणि या सगळ्यांच्या पुढे असायच्या मावशींच्या थोरल्या नणंदबाई. मावशी त्यांना वन्सं म्हणत. वन्संचं नाव घेताना त्यांनी आवाज आपोआप खाली आणला, जणू कर्जत भिंतीपलीकडेच होतं. "वन्सं आल्या की आधी डबे उघडत्यात. मग वास घेत्यात. मग म्हंत्यात, वैनी, तिखट जुनं झालंय. चाळीस वर्सं माझं तिखट जुनंच हाय."

नवरा होता तोवर इलाज नव्हता. तो गेल्यावर वर्षभराने मावशींना ही युक्ती सुचली. पहाटे उठायचं, पुढच्या दारात सडा घालायचा, रांगोळी काढायची, बाहेरून कुलूप ठोकायचं आणि बोळातून फिरून मागच्या दाराने आत यायचं. आधी फक्त गुरुवारी लावायच्या. मग मंडळी शनिवारीही यायला लागली. मग त्या रोजच लावू लागल्या.

"पण मावशी, घरात नाही असं दाखवायचं, तर रांगोळी कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कप खाली ठेवला. "म्हंजे? दार पारोसं ठिवू?"

उठताना त्यांनी माझं मनगट धरलं. "हे कोर्टात सांगायचं न्हाई. तुझ्या सायबाला सांग, दुसरं कायबी लिव्ह म्हनावं. वन्संना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

"आणि खोली गेली तर?"

त्यावर त्यांनी मशीनचं चाक उगाच एकदा फिरवलं.

सरांना सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं हसले, डोळे पुसले आणि गंभीर झाले. "शपथेवर उभ्या राहिल्या की सांगावंच लागेल कुलूप का होतं." मावशींना पुन्हा बोलावलं. त्यांनी उपाय काढून आणला होता. "मी सांगते, मागचीच कडी बरी हाय, पुढची मोडलीया." सर म्हणाले, "मोडली आहे का?" "मोडते की. दगड हाय घरात." सरांनी त्यांना हात जोडले. खोटं चालणार नव्हतं, खरं सांगायला बाई तयार नव्हत्या, आणि तारखा पुढे सरकत होत्या.

मालकाची साक्ष झाली. सरांनी उलटतपासात फोटो दाखवून विचारलं, खाली उंबऱ्यापाशी रांगोळी दिसते ती कुणाची? मालक तयारीचा माणूस. म्हणाला, शेजारीण काढते, बंद दार बरं दिसत नाही म्हणून. शेजारणीला कुणी विचारणार नव्हतं आणि ती सांगणार नव्हती.

मग त्याच्या पुढच्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आलं. आमच्याकडे साक्षीदाराचं मुख्य म्हणणं आधीच टाइप करून सही करून आणतात, नंतर समोरच्या वकिलाने फक्त उलट प्रश्न विचारायचे. सरांनी पहिला परिच्छेद वाचला, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदार कर्जतची होती. प्रतिवादीची सख्खी नणंद. वर्षभरात तीन वेळा आपण भावजयीकडे गेलो, तिन्ही वेळा दाराला कुलूप होतं, असं तिने लिहून दिलं होतं.

मालकाने तिला कुठे गाठलं असेल ते उघड होतं. पायरीवर, कुलपासमोर.

मी तो कागद मावशींना वाचून दाखवला. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्या म्हणाल्या, "तीन? चारदा आल्यात."

साक्षीच्या दिवशी सरांना नगरला जावं लागलं. अपघाताच्या एका जुन्या केसमध्ये डॉक्टर अखेर साक्षीला येणार होते, आणि डॉक्टर कोर्टात येणं ही इतकी दुर्मिळ गोष्ट आहे की त्यासाठी बाकी सगळं सोडावं लागतं. त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. तीन प्रश्न. एक, तुमचं राहणं कर्जतला का? दोन, वर्षातून तीनच दिवस तुम्ही तिथे गेलात का? तीन, इतर दिवशी दाराला कुलूप होतं की नव्हतं हे तुम्हाला सांगता येणार नाही ना? "एवढं विचारायचं आणि खाली बसायचं. शहाणपणा करायचा नाही." मी शहाणपणा करीन अशी शंका यायला जागाच नव्हती. एसटीत मी ते तीन प्रश्न एवढ्या वेळा म्हटले की शेजारच्या बाईने जागा बदलली.

मावशी डोक्यावरून नाकापर्यंत पदर ओढून अगदी मागच्या बाकावर, खांबाआड बसल्या होत्या. नणंदबाई पुढून आल्या. नवी कोरी हिरवी साडी, हातात लिंबांनी भरलेली पिशवी. शिपायाने पिशवी बाहेर ठेवायला सांगितली तेव्हा म्हणाल्या, "कर्जतची हायेत, रसाची. बाहीर ठिवली तर तुमीच घेऊन जाल."

न्यायाधीश मॅडम वर पाहत नव्हत्या, पण त्यांचं पेन थांबलं.

शपथ झाली. मी उभी राहिले. पहिला प्रश्न विचारला, उत्तर आलं, होय. दुसरा, होय. तिसरा विचारताना माझा आवाज मध्येच संपला, तरी उत्तर आलं: "मी कशी सांगनार, मी काय तिथं ऱ्हाते?" झालं. आता "आणखी प्रश्न नाहीत" म्हणून बसायचं होतं. पण माझ्या हातात फोटो होता, आणि त्या फोटोत, उंबऱ्याजवळ, ती पांढरी नक्षी. मी स्वतःच्याच तोंडून ऐकलं, "या फोटोत खाली काय दिसतंय?"

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ आणला. "रांगोळी हाय."

यापुढे काय विचारायचं ते मला माहीत नव्हतं. डोक्यात इंग्रजी वाक्यं तयार होत होती, त्यांची मराठी होत नव्हती. मी नुसती उभी राहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. कोर्टात तसं गप्प उभं राहणं फार लांबतं. पंखा फिरत होता. टंकलेखक हात मांडीवर ठेवून बसला होता. मला वाटलं आता मॅडम म्हणणार, बसा.

पण नणंदबाईंना ती शांतता सोसली नाही.

"रांगोळी म्हनायची म्हनून म्हनायची," त्या म्हणाल्या. "ह्ये ठिपके बघा. कशे चाललेत गुरं पान्यावर चालल्यावानी."

मी काही बोलले नाही. बोलता येत नव्हतं.

"पाचवा ठिपका डावीकडं गेलाय. बघा ना. लग्न होऊन आली तवापासनं तिचा पाचवा ठिपका डावीकडं जातोय. मी शंभरदा दाखवलं, वैनी, बोट असं धर."

मालकाचे वकील उठले. "बाई, विचारलं तेवढंच बोला."

"त्यांनी इचारलं की."

"त्या काही विचारत नाहीयेत. त्या गप्प आहेत."

"गप्पच हायेत बिचाऱ्या, म्हनून तर मी सांगतीय."

न्यायाधीश मॅडमनी पेन उचललं. "ही रांगोळी शेजारणीने काढलेली आहे, असं वादी म्हणतात. तुमचं काय म्हणणं आहे?"

"शेजारनीची?" नणंदबाईंना हा अपमान आपल्याच घराण्याचा वाटला असावा. "ही आमच्या वैनीचीच हाय. दुसऱ्या कुनाला एवढी वाकडी येनारच न्हाई!"

मॅडम टंकलेखकाला सांगू लागल्या: "साक्षीदार स्वतःहून सांगतात की, फोटोतील रांगोळी प्रतिवादीच्या हातची आहे." साक्षीदार न विचारता काही बोलला की नोंदीत तो 'स्वतःहून सांगतो'. त्या दिवशीच्या नोंदीत नणंदबाई अकरा वेळा स्वतःहून सांगतात. मी नंतर मोजलं.

कारण पुढे सगळंच आलं. तिन्ही वेळा रांगोळी ओल्या सड्यावर होती. दुसऱ्या वेळी आतून फोडणीचा वास आला, करपलेल्या लसणाचा. "लसून टाकून ही दुसरीकडं बघती, ही तिची जुनी खोड हाय." एकदा मशीनचा आवाज येत होता, तो कडी वाजवल्यावर थांबला. खिडकीला लावलेलं परकराचं कापड तर त्यांनीच दिलेल्या साडीवरच्या परकराचं होतं. "चांगला परकर हुता. पडदा केला बघा."

"म्हणजे प्रतिवादी आत होती हे तुम्हाला माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

"न माहीत व्हायला काय झालं? शेवटच्या खेपेला तर मी मुद्दाम बसले. म्हनलं कवातरी शिंकंल, खोकंल. चांगली अर्धा तास बसले पायरीवर."

"पाऊन!"

सगळं कोर्ट मागे वळलं. मावशी खांबाआडून उठून उभ्या होत्या. पदर खांद्यावर. "अर्धा न्हाई, पाऊन तास! मला शिंक आल्ती, मी उशीत तोंड घालून दाबली!"

मालकाने डोळे मिटून घेतले. त्याच्या वकिलांनी आपली फाइल बंद केली आणि तिच्यावर हलकेच हात ठेवला.

"प्रतिवादी, खाली बसा," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी समोरचा कागद तोंडापुढे धरला होता आणि तो वाचण्यासाठी धरलेला नव्हता.

नणंदबाई पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून मागे बघत होत्या. रागाने नव्हे. जत्रेत हरवलेलं माणूस सापडल्यासारखं. "दिसली का? दारात भेटत न्हाई, म्हनलं कोर्टात तरी भेटंल!"

मॅडमनी विचारलं की मग प्रतिज्ञापत्रावर सही का केली. त्या म्हणाल्या की मालक म्हणाला, कुलूप होतं एवढंच सांगा, तर कुलूप होतं, ते सांगितलं. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. मॅडमनी त्यांना समजावलं, की ते सिद्ध झालं तर तुमच्या भावजयीची खोली जाईल.

नणंदबाईंनी मालकाकडे सावकाश मान वळवली. "आन् मग आमी शिर्डीला जाताना उतरायचं कुठं?"

हेही नोंदीत आहे. साक्षीदार स्वतःहून सांगतात.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "तीन प्रश्न विचारलेस?"

"हो. आणि एक."

"मग?"

"मग गप्प बसले."

नंतर सरांनी राहुरीच्या बाररूममध्ये सांगायला सुरुवात केली, की आमच्या ज्युनिअरची स्वतःची पद्धत आहे. त्यावर विश्वास ठेवून मी ती पुढे एका मोटारपंपाच्या चोरीच्या केसमध्ये वापरली. हवालदाराला एक प्रश्न विचारला आणि गप्प राहिले. हवालदारही गप्प राहिला. तोही आतल्या स्वभावाचा निघाला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो आणि शेवटी कोर्टाने पुढची तारीख दिली. ही पद्धत फक्त नणंदांवर चालते.

मावशींनी पुढच्या तारखेला स्वतः साक्ष दिली. लपवायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी सगळं सांगितलं, अकरा माणसांच्या जीपसकट. जुन्या तिखटावर त्या एवढ्या रमल्या की मॅडमना दोनदा थांबवावं लागलं. दावा फेटाळला गेला. निकालपत्रात रांगोळीच्या पाचव्या ठिपक्यावर एक पूर्ण परिच्छेद आहे आणि त्यात 'सदरहू ठिपका' असा उल्लेख आहे. मी तो शब्द पाहिला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सरांनी मावशींना बजावलं, "खोली राहिली. पण आता पुढचं दार उघडं दिसलं पाहिजे, रोज. मालक पुन्हा फोटो काढत फिरेल." मावशी म्हणाल्या, "गुरुवारीबी?" सर म्हणाले, "गुरुवारी तर नक्कीच."

निकालाची नक्कल द्यायला मी गेले तो नेमका गुरुवार होता. निळं दार सताड उघडं. खिडकीचं कापड काढलेलं. उंबऱ्यात रांगोळी, पाचवा ठिपका डावीकडे. आणि पायरीवर चपलांचा ढीग. मी मोजल्या नाहीत. आतून बायका-माणसांचा एकत्र गलका ऐकू येत होता आणि त्यावर चढून नणंदबाईंचा: "वैनी, ह्यो डबा कशाचा?"

माझे पाय आपोआप बोळाकडे वळले.

ड्रमापाशी मावशी उभ्या होत्या. चपला हातात.

"आत कोण आहे?" मी उगाच विचारलं.

"सगळं कर्जत."

"मग चहा?"

"वन्सं टाकत्यात. डबे म्हाईत हायेत त्यांना." त्यांनी नक्कल घेतली, वाचता येत नसल्यासारखी उलटसुलट पाहिली, छातीशी धरली आणि कमरेला खोचली. "चल, गिरनीत बसू जरा."

आम्ही ज्वारीच्या पोत्यांवर बसलो. गिरणीवाला आमच्याकडे बघत नव्हता, त्याच्या डोळ्यांत पीठ होतं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. राहुरीला यायला लागल्यापासून पहिल्यांदाच कुणाबरोबर तरी गप्प बसल्यासारखं मला वाटलं, एकटीने नव्हे. मग मावशींचा फोन वाजला. दीड रिंग झाली आणि त्यांनी तो दाबला.

बोळाच्या भिंतीवरून आवाज आला, "गिरनीत बसलीया ते म्हाईत हाय मला! ती मुकी वकीलबी हाय ना संगं? घ्या."

मागच्या दारातून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला. ड्रमाच्या झाकणावर चहाचे दोन ग्लास ठेवले गेले आणि हात आत गेला. मावशी उठून ते घेऊन आल्या. एक मला दिला. स्वतःच्या ग्लासातला पहिला घोट त्यांनी तोंडात जरा फिरवला, गिळला आणि दाराकडे एक नजर टाकून माझ्या कानाशी आल्या.

"वन्संना चहा कवाच जमला न्हाई," त्या म्हणाल्या.